छुप्या डव्हटेलच्या सरावासाठी हातहत्यारांचा संच : एक परीक्षण

डव्हटेल म्हणजे दोन फळ्यांची टोके एकमेकांत गुंतणाऱ्या दात्यांनी कोपऱ्यात जोडणारा सांधा, आणि छुप्या प्रकारात हे दाते बाहेरून दिसत नाहीत. असा सांधा पुरा झाला की बाहेरून दिसते ती कोपऱ्यावरून उतरणारी एक बारीक रेघ, आणि फळीच्या कडेवर ४५ अंशांत गेलेली तिचीच दुसरी बाजू. आत एका फळीच्या पिना (अरुंद दाते) आणि दुसरीच्या टेल (टोकाशी पसरट दाते) एकमेकांत गुंतलेल्या असतात. पण त्या घट्ट बसल्या आहेत की सैल, त्यांच्या गालांना, म्हणजे तिरप्या बाजूंना, सरस नीट लागला आहे की नाही, यातले काहीच बाहेरून कळत नाही. उघड्या डव्हटेलमध्ये करवत वाकडी गेली तर फट समोर येते आणि पुढच्या वेळी हात आपोआप सावरतो. इथे मात्र तीच चूक पाच मिलिमीटर लाकडाआड झाकली जाते आणि शिकणाऱ्याला ती कधीच भेटत नाही. म्हणून या सांध्याच्या सरावासाठी मिळणाऱ्या संचांची पारख तयार नमुन्याच्या देखणेपणावरून करू नये, असे माझे मत आहे. या संचातील हत्यारांनी केलेले सांधे मी सरस पुरता वाळल्यावर करवतीने उभे चिरून पाहिले, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक त्या चिरलेल्या तुकड्यांनी दाखवलेले आहे.

निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशा स्वरूपाचे संच आता अनेक जण बनवतात, त्यांतल्या वस्तू साधारण सारख्याच असतात, आणि वाचकाला उपयोग आहे तो कोणती वस्तू कशी तपासायची हे कळण्याचा. या संचात बारीक दातांची एक डव्हटेल करवत आहे, चाकाच्या पात्याचे एक मार्किंग गेज (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढायचे साधन) आहे, आखणीची सुरी आहे, तीन पटाशा आहेत (एक फिशटेल म्हणजे टोकाशी रुंदावणारी, आणि दोन तिरप्या धारेच्या, एक डावी, एक उजवी), ४५ अंशांचा लाकडी ठोकळा आहे, एक हलकी मोगरी आहे, सूचनांची पुस्तिका आहे आणि सरावासाठी १८ मिमी जाड व १०० मिमी रुंद फळ्यांचा एक गठ्ठा आहे. सरळ धारेच्या पटाशा, गुण्या आणि धार लावायची पथरी आपल्याकडे आहे असे गृहीत धरलेले आहे, आणि ते योग्यच आहे. ज्याने उघडे डव्हटेल कधी केलेले नाही त्याने या सांध्याकडे वळण्यात अर्थ नाही. मोगरीविषयी आणि पेटीविषयी सांगण्यासारखे काही नाही, दोन्ही ठीक आहेत.

हत्यारांचे मोल समजण्यासाठी सांध्याची रचना डोळ्यांसमोर असायला हवी, म्हणून ती थोडक्यात सांगतो. फळी १८ मिमी जाड असेल आणि बाहेरचा झाकणारा पडदा ५ मिमीचा ठेवायचा असेल, तर पिना आणि टेल यांना १३ मिमी उरतात. दोन्ही फळ्यांच्या टोकाशी, आतल्या अंगाने, लांबीच्या दिशेत ५ मिमी आणि जाडीत १३ मिमी अशी खाच काढायची, म्हणजे बाहेरच्या अंगाला ५ मिमी बाय ५ मिमीचा एक ओठ पुढे आलेला राहतो. पिना आणि टेल या ओठाच्या आड कोरायच्या, दोन्ही कडांना पाचसहा मिलिमीटर रुंदीचा भाग ४५ अंशांत कापायचा, आणि सर्वांत शेवटी ओठही ४५ अंशांत तासायचा. ओठ तसाच चौकोनी ठेवून एकाच फळीला दिला तर दुहेरी झाकलेला डव्हटेल होतो, ज्यात टोकाच्या छेदाची (तंतू आडवे कापले गेलेल्या लाकडाची) एक अरुंद पट्टी बाहेर दिसत राहते. ती पट्टीही नको असेल तर हा मायटरचा, म्हणजे ४५ अंशांत जुळणाऱ्या कडांचा, प्रकार. जपानी साशिमोनो (सांध्यांच्या लाकूडकामाच्या) परंपरेतल्या कारागिरांनी आणि अठराव्या शतकातल्या युरोपीय पेटी-कपाटांच्या कारागिरांनी हा सांधा उत्तम कामासाठी राखून ठेवला होता. सांधा लपवण्यामागे नुसती हौस नव्हती. वरून व्हिनियर (शोभेच्या लाकडाचा पातळ थर) चढवायचे असेल तर टोकाचे छेद आणि आडवे तंतू शेजारी शेजारी असलेला पृष्ठभाग त्याला चालत नाही. दोन्ही भाग हवेतल्या ओलाव्याने वेगवेगळे फुगतात आणि काही काळाने सांध्याची नक्षी व्हिनियरवर उमटू लागते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ड्रॉवरच्या दर्शनी फळीला अर्धा झाकलेला (एकाच बाजूने लपलेला) डव्हटेल रूढ झाला, त्यामागेही हेच कारण होते.

आता हत्यारांकडे. या संचातली सगळ्यात मोलाची वस्तू मार्किंग गेज आहे, करवत नव्हे. हे मी आवर्जून सांगतो, कारण संचाच्या वेष्टनावर आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर सगळा भर करवतीवर दिलेला आहे.

गेजचे पाते म्हणजे एका बाजूने उतार दिलेले छोटे गोल चाक. उताराची बाजू गेजच्या सरकत्या ठोकळ्याकडे आणि सपाट बाजू बाहेर, अशी त्याची बैठक आहे. त्यामुळे फळीच्या टोकाला हा ठोकळा टेकवून पायारेषा (दात्यांच्या मुळाची रेघ) ओढली की उतार टाकाऊ भागात पडतो आणि राखायच्या लाकडाकडची बाजू सरळ उभी कापली जाते. टोकदार खिळ्याच्या जुन्या गेजने तंतूंना आडवी रेघ मारली तर ती ओरखड्यासारखी फाटते. चाकाचे पाते तंतू कापत जाते, आणि त्या कापलेल्या रेषेत पटाशीचे टोक ठेवले तर ते बोटांना जाणवेल इतके स्पष्ट बसते. सरकपट्टीला सूक्ष्म फेरासाठी वेगळा स्क्रू आहे, तो घट्ट करताना माप हलत नाही, आणि या एका गुणासाठी मी बाकी बरेच काही माफ करायला तयार आहे.

गेजला इतके महत्त्व का, ते एका गोष्टीवरून पटेल. पिनांची फळी उभी करून टेलच्या फळीवर ठेवायची वेळ येते, तेव्हा उघड्या डव्हटेलमध्ये ती पायारेषेवर डोळ्यांनी जुळवावी लागते आणि हात जरा हलला तरी सगळी आखणी सरकते. छुप्या सांध्यात पिनांच्या फळीचा ओठ टेलच्या फळीच्या खाचेत ५ मिमी खाली उतरतो आणि खाचेच्या उभ्या भिंतीला टेकून अडतो. म्हणजे दोन्ही खाचा आणि दोन्ही पायारेषा एकाच मापाच्या असतील तर फळी स्वतःच आपल्या जागी येऊन बसते, आणि कारागिराला फक्त दोन्ही कडा एका रेषेत ठेवाव्या लागतात. उलट दोन खाचांमध्ये पाव मिलिमीटरचा फरक पडला तर फळी तितक्याच ठामपणे चुकीच्या जागी बसते. त्या टप्प्यावर करवत कितीही उत्तम असली तरी ती काही वाचवू शकत नाही.

याच कारणाने संचातली सर्वांत मोठी उणीवही गेजशी निगडित आहे : गेज एकच दिलेले आहे. या सांध्याला दोन मापे लागतात, फळीच्या जाडीचे आणि पडद्याचे, आणि दोन्ही मापे शेवटच्या फळीची शेवटची रेघ ओढून होईपर्यंत हलता कामा नयेत. एकाच गेजवर काम करताना माप बदलावे लागते, आणि पुन्हा पूर्वीच्या मापावर आणलेले गेज नेमके तिथेच येत नाही. ज्याच्याकडे दुसरे गेज नाही त्याने सर्व फळ्यांवरच्या पायारेषा एका दमात ओढून घ्याव्यात, मगच गेज पडद्याच्या मापावर न्यावे. तरीही खाच काढल्यानंतर एखादी रेघ नव्याने ओढायची वेळ येतेच. या संचात मोगरीऐवजी दुसरे गेज असते तर तो निःसंशय अधिक उपयोगी झाला असता. मोगरी प्रत्येकाकडे असते.

करवत चांगली आहे, पण तिच्याकडून अपेक्षा कोणत्या ठेवायच्या ते समजून घेतले पाहिजे. इंचाला १५ दात, लांब तंतूंच्या दिशेने कापण्यासाठी घासलेले, अर्धा मिलिमीटर जाडीचे पाते आणि वर पितळेची पाठ असे तिचे स्वरूप आहे. पाठीचे वजन पुरेसे असल्याने हाताने दाबावे लागत नाही, आणि दातांना दिलेली फाक बेताची असल्यामुळे चीर पात्याहून फारशी रुंद होत नाही. ओठ पुढे आलेला असल्यामुळे पिनेचा गाल करवतीने पूर्ण कापता येत नाही. आतल्या कोपऱ्यातून सुरुवात करून करवत तिरकी चालवायची, ती एका बाजूला पायारेषेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला ओठाच्या मुळापर्यंत पोहोचली की थांबायचे. अशा रीतीने १३ मिमीच्या चौकोनातला कर्णाच्या वरचा अर्धा भाग करवत कापते आणि खालचा अर्धा पटाशीला करावा लागतो. कामाची विभागणी अशी निम्मी निम्मी असताना करवतीला नायिका करण्यात हशील नाही.

इथे पुस्तिकेने एक उपयुक्त गोष्ट सांगायची राहून गेली आहे. करवत तिरकी चालवताना तिचे टोक ओठाला लागेल या धास्तीने नवशिके फार आधी थांबतात, आणि मग पटाशीचे काम दुपटीने वाढते. पण ओठाचाही आतला अर्धा भाग शेवटी ४५ अंशांत तासून टाकायचाच असतो, आणि गालाचा कर्ण वाढवला तर तो थेट त्याच मायटरच्या रेषेवर जातो. त्यामुळे करवत ४५ अंशांपर्यंत ओठात शिरली तरी ती टाकाऊ त्रिकोणातच राहते आणि सांधा पुरा झाल्यावर तिची खूण उरत नाही. कडेवर मायटरची रेघ आधीच आखून ठेवावी आणि करवतीचा कल त्या रेघेशी ताडत राहावे, म्हणजे भीती उरत नाही. कोन त्याहून उतरता झाला तर मात्र पडद्याला चीर पडेल, आणि ती झाकता येणार नाही.

ओढून कापणारी जपानी दोझुकी करवत या कामाला अधिक बरी पडते का, असे काही जण विचारतात. तिचे पाते आणखी पातळ असते आणि चीर खरोखर सुरेख येते. परंतु तीन बाजूंनी बंद कोपऱ्यात भुसा बाहेर पडायला वाट नसते, पातळ पात्याखाली तो साठतो, आणि आखूड फेऱ्यांमध्ये ते पाते वाकण्याची शक्यता असते. हाताला ज्या करवतीची सवय आहे ती वापरावी, इतकेच मी म्हणेन. काही कारागीर करवतीच्या चिरेत पातळ पोलादी पत्रा उभा ठेवून त्यावर हातोड्याने टोले देतात आणि चीर कोपऱ्यापर्यंत नेतात. अर्ध्या झाकलेल्या डव्हटेलमध्ये ही युक्ती चालते, तरी ठिसूळ लाकूड तिने फाटू शकते. पाच मिलिमीटरच्या पडद्याजवळ मी ती सुचवणार नाही.

पटाशांनी माझी सर्वांत अधिक पसंती मिळवली. उघड्या डव्हटेलमध्ये पटाशी आरपार जाते आणि दोन्ही अंगांनी अर्धे अर्धे कोरता येते, तर छुप्या सांध्यात दात्यांमधला प्रत्येक कप्पा फक्त दोन बाजूंनी उघडा असतो आणि त्याच्या तळाशी दोन भिंती आणि पडदा मिळून एक कोपरा तयार होतो, ज्यात सरळ पटाशीची धार पोहोचते पण तिची बाजू अडते. टेलच्या फळीतल्या कप्प्यांच्या भिंती आत झुकलेल्या असतात. उतार एकास सहा घेतला तर कोपऱ्याचा कोन साधारण साडेऐंशी अंशांचा होतो, एकास आठ घेतला तर त्र्याऐंशीच्या आसपास. म्हणजे नव्वदहून कमी. बाजूंना जाडी असलेली पटाशी त्या कोपऱ्यात नेली की तिची धार कोपऱ्याला लागण्याआधीच तिची कड शेजारच्या टेलचा गाल चेचते. चेचलेला गाल बाहेरून दिसत नाही, सांधा जोडताना तो दबून आत जातो, आणि सरस लागायला हवा तिथे पोकळी राहते. चिरलेल्या नमुन्यांत अशा पोकळ्या ओळखू येतात : गालालगत मधेच सरसाची जाड, चकाकणारी रेघ दिसते.

फिशटेल पटाशी या अडचणीवर थेट उत्तर आहे, कारण तिची रुंदी फक्त धारेपाशी असते आणि मागे ती निमुळती होते, त्यामुळे धारेची दोन्ही टोके कोपऱ्यात जाऊ शकतात आणि बाजू कशालाही लागत नाही. संचातली फिशटेल १० मिमीची आहे. मी स्वतः ८ मिमीची पसंत केली असती, कारण पिनांमधले अंतर कमी ठेवले की दहाची अडते. पण सरावाच्या फळीवर कप्पे रुंद आखता येतात, तेव्हा हा दोष मोठा मानू नये. डाव्या-उजव्या तिरप्या पटाशा सहा मिलिमीटरच्या आहेत आणि त्यांच्या बाजू धारेजवळ मिलिमीटरहून कमी जाडीपर्यंत उतरवलेल्या आहेत. या तिरप्या पटाशीने कोपऱ्यातले शेवटचे तंतू काढण्याचा अनुभव नवशिक्यासाठी डोळे उघडणारा आहे. तिचे लांब टोक कोपऱ्यात टेकवून हँडल किंचित फिरवले की एरवी उपटून काढावी लागणारी ढलपी मुळाशी कापली जाऊन अलगद सुटते आणि खाली करवतीच्या खुणांपर्यंत स्वच्छ तळ दिसतो.

धार मात्र विकत मिळते तशी पुरेशी नाही, आणि हे प्रत्येक नव्या पटाशीबाबत खरे असते. सपाट पाठीवर घासणीच्या चरांच्या खुणा होत्या. त्या धारेलगतच्या पट्टीत तरी पथरीवर पूर्ण काढून टाकाव्यात, कारण धार दोन पृष्ठभागांची असते आणि पाठीवरचा प्रत्येक चर धारेत दाता होऊन उतरतो. मुख्य उतार २५ अंशांचा आहे. टोकाच्या छेदात मोगरीने ठोकण्यासाठी ३० अंशांची दुसरी बारीक धार दिली की ती अधिक टिकते, आणि नुसत्या हाताने तासायच्या तिरप्या पटाशांना ती न देता २५ वरच ठेवलेले बरे. तिरप्या पटाशीला धार लावणे जिकिरीचे आहे. धार लावायच्या नेहमीच्या पकडीत ती सरळ बसत नाही. लाकडाचा एक पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून पकडीत आधार म्हणून ठेवला की कोन कायम राहतो. असा तुकडा संचात घालणे निर्मात्याला सहज शक्य होते.

आखणीची सुरी ही या संचातली एकमेव निकामी वस्तू आहे. पिनांची फळी टेलच्या फळीवर उभी असताना सुरी पिनांच्या मधून, आतल्या अंगाने, पडद्याच्या मुळापर्यंत पोहोचवावी लागते. बाहेरून पडदा असल्यामुळे दुसरी वाट नाही. आणि याच कारणासाठी या सांध्यात पिना आधी कापाव्या लागतात, टेल आधी कापणाऱ्यांना इथे आपली सवय बाजूला ठेवावी लागते, कारण टेलच्या कप्प्यांना बाहेरून पडदा असल्यामुळे त्यांच्यामधून पिना आखता येतच नाहीत. सुरीचे पाते दोन मिलिमीटरहून जाड आणि मूठ लगेच रुंदावणारी असल्याने ती सात-आठ मिलिमीटरांच्या फटीत तिरकी शिरते, आणि पिनेच्या गालाला चिकटून चालण्याऐवजी तिची रेघ गालापासून थोडी लांब पडते. ही लांबी प्रत्येक पिनेच्या दोन्ही बाजूंना जमा होते आणि सांधा सैल होतो. लांब, पातळ, सपाट पाठीचे आणि डाव्या-उजव्या दोन्ही कडांना उतार असलेले, भाल्याच्या टोकासारखे पाते असलेली सुरी वेगळी घ्यावी. ती मिळेपर्यंत बारीक टोकाची आरी चालेल. तिची रेघ फिकट असते, पण जागेवर असते.

४५ अंशांच्या ठोकळ्याविषयी थोडे सविस्तर, कारण पाहणाऱ्याच्या नजरेला जे पडते ते सगळे याच्या हातात आहे. ठोकळा फळीला क्लॅम्पने घट्ट बांधायचा, त्याची तिरपी बाजू मायटरच्या रेषेशी आणायची, आणि त्यावर पटाशीची पाठ टेकवून किंवा अरुंद खांद्याचा रंधा चालवून ओठ तासायचा. ठोकळा खरोखर ४५ अंशांचा आहे की नाही ते असे पाहावे : दोन टाकाऊ पट्ट्यांची टोके याच ठोकळ्यावर तासावीत, ती एकमेकांना लावावीत आणि आतल्या कोनात गुण्या ठेवावा. चूक असेल तर ती दुप्पट होऊन दिसते. माझ्याकडे आलेला ठोकळा तपासणीत उतरला. तो घट्ट तंतूंच्या कठीण लाकडाचा आहे, आणि ज्या बाजूवर पटाशी घासते ती झिजली तर पुन्हा तासून घेता येईल इतका जाड आहे. तासताना रेषेवर बाहेरची कड अचूक ठेवावी आणि आतला भाग केसभर अधिक काढावा, म्हणजे दोन ओठ एकमेकांना भेटताना कडा प्रथम मिळतात आणि रेघ बंद होते. या ओठांच्या जोडणीत दोन्हीकडे टोकाचे छेद येत असल्यामुळे तिथल्या सरसाला फारसा जोर नसतो. सांध्याची ताकद गालांमध्ये असते, म्हणून आत केसभर पोकळी राहिल्याने नुकसान होत नाही.

पुस्तिकेने ओठ तासण्याचे काम पिना कोरण्याआधी करायला सांगितले आहे. हा क्रम मला मान्य नाही. ओठ चौकोनी असताना त्याला पाच मिलिमीटरचे अंग असते आणि तो मोगरीचे हादरे सोसतो. तासल्यावर त्याची बाहेरची कड धारेसारखी पातळ होते आणि व्हाइसच्या जबड्यात किंवा बाकावर टेकवतानाच तुटते. शिवाय पिनांची फळी आखणीसाठी उभी करताना ज्या चौकोनी ओठाने ती खाचेत अडते, तोच ओठ तासलेला असेल तर ती पक्की जागा उरत नाही. पिना, मग टेल, मग कडांचे खांदे, आणि सगळ्यात शेवटी ओठ, असा क्रम धरावा. पुस्तिकेतल्या आकृत्या मात्र स्वच्छ आहेत, आणि कप्पे कोरताना बाहेरच्या अंगाला टाकाऊ फळी लावून क्लॅम्प करावे, पडद्यावर पटाशी टेकवून कधीही उचकटू नये, शेवटचा एक मिलिमीटर मोगरीशिवाय हाताच्या दाबाने तासावा, हे तिने नीट ठसवले आहे. उचकटल्याने पडदा तुटला नाही तरी त्याचे तंतू आतून दबतात आणि पॉलिश चढवल्यावर बाहेर फुगवटा दिसतो.

चिरलेल्या नमुन्यांविषयी. सांध्याचा छेद टेलच्या फळीच्या पृष्ठाला समांतर, पिना आणि टेल दोन्हींमधून घ्यावा आणि तो बारीक सँडपेपरवर घासून त्यावर पाण्याचा हात फिरवावा, म्हणजे सरसाची रेघ आणि तंतूंची दिशा दोन्ही उठून दिसतात. पाहायचे ते असे : गालांना गाल कुठवर भिडले आहेत, कप्प्याचा तळ सपाट आहे की कुठे उंचवटा राहिला आहे, आणि पडद्याची जाडी सर्वत्र सारखी आहे का. तळाशी थोडी पोकळी असणे दोष नव्हे. टोकाच्या छेदाला चिकटलेला सरस विशेष काम करत नाही आणि जादा सरसाला जायला जागा लागतेच. तळावर उरलेला उंचवटा मात्र घातक असतो, कारण तो सांधा पूर्ण बसू देत नाही, मायटरची रेघ उघडी ठेवतो, आणि कारागीर मग दोष ओठात शोधत बसतो. या संचातली फिशटेल वापरून कोरलेल्या कप्प्यांत असा उंचवटा राहिलेला दिसला नाही. केवळ सरळ पटाशीने कोरलेल्या कप्प्यांत तो कोपऱ्यांलगत ठळकपणे दिसला. फिशटेलच्या बाजूने याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

दुसरी गोष्ट कोरड्या जुळणीची. छुपा सांधा वारंवार पूर्ण बसवून पाहिला तर गाल झिजतात आणि सरसाच्या वेळी तो सैल पडतो. एक तृतीयांश बसेल इतकाच ढकलावा. अडला तर एका फळीच्या गालांवर मऊ पेन्सिल फिरवून पुन्हा टेकवावा, आणि दुसऱ्या फळीवर जिथे काळसर चकाकी उमटेल तिथलेच लाकूड तिरप्या पटाशीने काढावे. संचातली हत्यारे या कामाला पुरेशी आहेत.

सरावाच्या फळ्यांचे लाकूड मध्यम घनतेचे, एकसारख्या तंतूंचे आहे, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. पाइनसारख्या लाकडात वार्षिक वलयांचा मऊ आणि कठीण भाग आलटून पालटून येतो. टोकाच्या छेदात पटाशी मऊ भाग चुरडते आणि कठीण भागावर अडखळते, त्यामुळे शिकणाऱ्याला आपला हात चुकला की लाकूड हे समजत नाही. सागात असलेल्या सिलिकामुळे धार लवकर जाते आणि सरावाचा निम्मा वेळ पथरीपाशी जातो. दिलेल्या फळ्यांच्या जाडीत मात्र अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक आढळला. वर सांगितलेली खाच आणि ओठ यांची सगळी जुळणी दोन्ही फळ्या एका जाडीच्या असण्यावर उभी आहे, तेव्हा जोडीतल्या दोन फळ्या आधी शेजारी शेजारी ठेवून एकाच रंध्याखाली सारख्या कराव्यात, त्यांची जाडी गेजनेच ताडून पाहावी, आणि त्या जोडीवर पेन्सिलने एकच खूण घालून ठेवावी, म्हणजे आखणीच्या वेळी एका जोडीतली फळी दुसऱ्या जोडीत जाणार नाही. गठ्ठ्यातल्या पहिल्या एकदोन जोड्या दुहेरी झाकलेल्या डव्हटेलसाठी वापराव्यात, ज्यात कोरण्याचे काम तेच असते पण ओठ तासावा लागत नाही. उरलेल्या मायटरसाठी ठेवाव्यात, आणि प्रत्येक सांधा पुढची जोडी हातात घेण्याआधी चिरून पाहावा.